न दिसणारा वाटाड्या

१

चहात साखर होती.

दुसऱ्या कोणी तो चहा मुकाट पिऊन टाकला असता. मी पहिला घोट घेतला आणि थर्मासचं झाकण हातात धरून तशीच बसून राहिले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकाड, माणसाचा मागमूस नाही. दगडाच्या आडोशाला घडीची खुर्ची, खुर्चीवर उशी, शेजारी थर्मास. कालही सगळं असंच मांडलेलं होतं. पण कालचा चहा बिनसाखरेचा होता, कारण मी तसं बजावून सांगितलं होतं.

मग खुर्चीकडे नीट पाहिलं. तिचं तोंड दीपगृहाकडे, म्हणजे समुद्र माझ्या डाव्या हाताला. माझा डावा कान कामातून गेलेला आहे, हेही मी सांगितलं होतं. काल सकाळच्या दोन्ही मुक्कामांवर खुर्ची अशी ठेवली होती की लाटा उजव्या कानाशी फुटाव्यात. आज त्या फुटताना दिसत होत्या, आवाज मात्र शेजारच्या घरात नळ चालू असावा तितकाच.

उमेदीची सगळी वर्षं मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली. लोक खोटं कसं बोलतात हे बघण्याचा मला पगार मिळायचा. त्या नोकरीत एक गोष्ट शिकले. एक चूक झाली तर माणूस विसरला म्हणावं. एकाच वेळी दोन चुका झाल्या तर माणूसच दुसरा आहे.

ही खुर्ची माझ्या वाटाड्याने मांडलेली नव्हती. मग तो होता कुठे?

२

आता हा वाटाड्या कोण, ते सांगायला हवं. बेटावर त्याला सगळे ‘सावल्या’ म्हणतात. चाळिशीचा, बिनलग्नाचा. एकट्या येणाऱ्या माणसांना बेट दाखवायचं हा त्याचा धंदा, आणि त्याची रीत अशी की तो स्वतः दिसायचाच नाही.

“तुम्हाला एकटं राहायचंय ना ताई? मग मी नजरेला पडणार नाही,” तो फोनवर म्हणाला होता. “चुन्याचे पांढरे ठिपके बघत चालायचं. मी तुमच्या एक मुक्काम पुढे असेन. तुम्ही पोचाल तेव्हा खुर्ची मांडलेली, चहा गरम. माझी टोपीसुद्धा दिसणार नाही. काहीच खूण दिसणार नाही.”

“भुताला पैसे देतेय म्हण की,” मी म्हटलं. तो खळखळून हसला.

बेटावर फोनची रेंज फक्त धक्क्यावर. मी यायच्या आधी तो बिचारा रोज संध्याकाळी तिथे येऊन फोन करायचा. काय खाता, कुठे दुखतं, ऊन सोसतं का, एकेक गोष्ट विचारायचा. “शिडीच्या दहा-बारा पायऱ्या उतराल का?” असंही एकदा विचारलं. माझे गुडघे साधा जिना बघून कुरकुरतात, मी नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला. खडकाच्या पोटात एक जागा आहे, शेवटच्या दिवशी दाखवायची होती, म्हणाला. “तिथे समुद्र कानाने ऐकावा लागत नाही ताई. अंगातून ऐकू येतो. डावा-उजवा प्रश्नच नाही. बरं, बघतो काहीतरी.”

अडीअडचणीला कळवायला कोणाचा तरी नंबर द्या, असंही म्हणाला. मला काही सुचेना. मुलगा परदेशात, दर रविवारी फोन करतो, हवापाणी विचारतो आणि ठेवतो. शेवटी मी दार उघडून समोरच्या दारावरची पाटी वाचली, ‘मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करून मिळतील’, आणि तिच्यावरचा नंबर सांगून टाकला. त्या शेजाऱ्याशी जन्मात माझं बोलणं झालेलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटी शेवटी माझ्याकडे एक दावा आला होता. एकटे राहणारे गृहस्थ घरातच गेले आणि कोणाला पत्ता नाही. मी गेले तेव्हा त्यांच्या दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या लटकत होत्या, फुगलेल्या. मेलेल्या माणसांची मला कधी भीती वाटली नाही. त्या पिशव्या मात्र अजून स्वप्नात येतात, कारण आमचे हे गेल्यापासून माझ्याही दाराला एकच पिशवी असते. मी नाहीशी झाले तर कोणाला कळेल, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. आणि इथे ज्या एका माणसाने माझी इतकी विचारपूस केली, तोच नाहीसा झाला होता आणि कोणाला कळलेलं नव्हतं.

मी साखरेचा चहा वाळूत ओतला आणि उठले.

३

बेटावर राहायची जागा एकच. तीन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ते सावल्याची वहिनी चालवते. तिचा नवरा, म्हणजे सावल्याचा थोरला भाऊ, लाँच चालवतो. काल त्यानेच मला आणलं होतं.

वहिनी ताटं पुसत होती.

“तुमचे भाऊजी आले होते का हो सकाळी?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आले होते की ताई. थर्मास घेऊन गेले.”

“चहा त्यांनीच केला?”

“त्यांनीच.”

“साखर घालून?”

तिच्या हातातलं ताट ओट्यावर वाजलं. “घाईत पडली असेल,” ती म्हणाली आणि पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागली.

“कुठल्या वाटेने गेले?”

“खालच्या. किनाऱ्याकडच्या.”

थोरला धक्क्यावर लाँचला पाणी मारत होता. मला बघून त्याने डावा हात पाठीमागे नेला. लपवायचीच असेल गोष्ट तर माणसाने निदान सावकाश लपवावी.

“तुमचा धाकटा दिसला का आज?”

“दिसला ना. सकाळीच. वरच्या वाटेने टेकडीकडे चालला होता.”

नवरा म्हणतो वर, बायको म्हणते खाली. दोघांनी एकत्र बसून थापही ठरवली नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

“हाताला काय झालं?”

त्याने नाइलाजाने हात पुढे केला. तळव्याला चिंधी गुंडाळलेली, कडेने साल निघालेली. “दोर लागला.”

“कुठला दोर?”

“बाई, तुम्ही सुट्टीला आलात की चौकशीला?” तो एकदम तडकला. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. इतकी वर्षं लोकांचे डोळे वाचलेत मी. हा माणूस घाबरलेला होता.

४

दीपगृह चढायची माझी टाप नव्हती. मी खालूनच हाका मारल्या. दिवेवाला इतक्या लगबगीने उतरला की जणू वर्षभर कोणी हाक मारायचीच वाट बघत होता. काल माझी लाँच धक्क्याला लागली तेव्हा हाच धक्क्याखाली गळ टाकून बसला होता. वर खांबाला लाल फडकं बांधलेलं होतं. थोरल्याने ते पाहून लाँच थांबवली, हाक मारली, आणि याचं टक्कल वर आल्यावरच दोर टाकला. ‘आमच्याकडे खाली उतरणारा वर फडकं बांधतो,’ थोरल्याने मला सांगितलं होतं. ‘फडकं नाही म्हणजे खाली माणूस नाही. मग आम्ही बिनधास्त दोर सोडतो, शिड्या ओढतो.’

“सावल्या?” दिवेवाल्याने टक्कल खाजवलं. “मॅडम, तो दिसतच नाही हो. म्हणूनच तर नाव पडलं. दिसला नाही म्हणजे कामावर आहे, असं आम्ही धरून चालतो.”

“आणि आजारी पडला तर? मेला तर?”

हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नसावा.

“भावाभावांचं पटतं का?”

“छे! कालच दुपारी जुंपली धक्क्यावर. तुम्ही जेवून पडला होतात तेव्हा. थोरल्याला वीस-वीस माणसं आणायचीत, कर्णे लावून. धाकटा म्हणतो एकेकच आणायचं. मग थोरला बोलू नये ते बोलला.”

“काय?”

दिवेवाल्याने आवाज उतरवला. “म्हणाला, तू असलास काय नि नसलास काय, कोणाला फरक पडतो? दिसतोस तरी का कोणाला?”

हे वाक्य मला कोणी म्हटलेलं नाही. पण मी ते रोज स्वतःला म्हणते.

“मग?”

“धाकटा तडक निघून गेला. थोड्या वेळाने ठोकाठोक सुरू झाली. मी वर काचा पुसत होतो, तिथून धक्का दिसत नाही. म्हटलं थोरला बोट ठोकतोय, राग काढतोय लाकडावर.” त्याने आभाळाकडे पाहिलं. “तुम्ही मात्र आता खोलीवर जा. आज वारा फिरलाय, उधाणाचं पाणी येणार. दिवस कलला की खालचे खडक सगळे बुडतात.”

दिवस कलायलाच लागला होता.

५

सावल्याची खोली अवजारांच्या पडवीला लागून होती. दार नुसतं लोटलेलं. आत एक खाट, एक पेला, एक ताट. एकाच माणसाचं सामान मला लगेच ओळखू येतं. पिशवी खुंटीला होती. बाहेर घालायचा सदरा घडी घालून ठेवलेला. चपला दाराशी. म्हणजे हा रुसून पलीकडच्या किनाऱ्याला गेलेला नव्हता.

पडवीत भिंतीवर प्रत्येक अवजाराची खुंटी होती. हातोड्याची खुंटी रिकामी. छिन्नीची रिकामी. नव्या दोराचं भेंडोळं जिथे असायचं तिथे धुळीत नुसता गोल उमटलेला.

रुसलेला माणूस कपडे घेऊन जातो. हातोडा घेऊन कोण रुसतं?

मागे हुंदका ऐकू आला. वहिनी दारात उभी होती.

“मी खोटं बोलले ताई. सकाळी थर्मास तसाच पडून होता. म्हटलं भांडणाचं मनाला लावून घेतलं, बसलेत कुठे रुसून. पाहुण्यांची आबाळ नको म्हणून चहा मीच केला. हात सवयीने साखरेकडे गेला. खुर्ची यांनी नेऊन ठेवली.”

थोरलाही तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. मान खाली.

“काल दुपारी बोट ठोकत होतात?” मी त्याला विचारलं.

“मी? मी तर भांडण झाल्या झाल्या बर्फ आणायला पलीकडे गेलो. दिवस बुडताना आलो.”

“म्हणजे ठोकणारे तुम्ही नव्हतात. हातोडाही तुमच्याकडे नाही. आता हाताचं खरं सांगा. कुठला दोर?”

“खाचेच्या शिडीचा,” तो म्हणाला. “पश्चिमेला खडकात एक खाच आहे, तिथे दोरशिडी सोडलेली असते. रोज संध्याकाळी मी ती ओढून घेतो, नाहीतर लाटा तोडतात. काल कुठेतरी अडकली होती. मी डोक्यात राग घेऊनच आलो होतो, दिला जोरात झटका. हात सोलला. सकाळी धाकटा दिसेना, म्हटलं हात बघून लोक म्हणतील यानेच काहीतरी केलं. म्हणून लपवला.”

“खाली कोणी आहे का, बघितलंत?”

“फडकं नव्हतं ना बाई! वर फडकं नव्हतं!”

मी रिकाम्या खुंट्यांकडे बोट दाखवलं.

“फडकं नव्हतं, कारण मी बेटावर होते,” मी म्हटलं. “पाहुणा असताना तो स्वतःची टोपीसुद्धा दिसू देत नाही. मग लाल फडकं कसं बांधेल? मला शिडी उतरवत नाही म्हणून तो बघतो काहीतरी म्हणाला होता. हातोडा, छिन्नी, नवा दोर. तो खाली माझ्यासाठी धरायचा दोर बसवत होता. तुमची शिडी खडकात अडकली नव्हती. तिला त्याने दोर बांधलेला होता आणि दुसऱ्या टोकाला तो स्वतः होता.”

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत सुटला.

६

गुडघ्यांना शिव्या घालत मी पोचले तेव्हा शिडी गुंडाळलेली तशीच काठावर पडलेली होती. थोरल्याने ती उलगडली. शेवटच्या पायरीला नवा दोर गाठ मारून बांधलेला होता, आणि दोराच्या टोकाला खडकातून उपटून आलेली लोखंडी मेख लोंबत होती. काल संधिप्रकाशात त्याने ती नुसती गुंडाळली होती, बघितली नव्हती.

“धाकल्या रेऽऽ” असं काहीतरी तो खाली ओरडला. लाटांनी ते गिळून टाकलं. पाणी खाचेच्या तोंडाशी आलं होतं आणि आत तीन-चार पोकळ्या होत्या. सगळ्या शोधायला वेळ नव्हता. चुकीच्या पोकळीत शिरला असता तर थोरलाही गेला असता.

मी खडकावर पालथी पडले. का पडले ते नीट सांगता येणार नाही. सावल्या म्हणाला होता, तिथे समुद्र अंगातून ऐकू येतो. मी गाल दगडाला टेकला, डोळे मिटले, दोन्ही कान विसरले.

आधी नुसता धबधबा आला, छातीतून. मग त्याच्या आत काहीतरी वेगळं. ठक. ठक. थांबून पुन्हा, ठक.

“हातोडा!” मी किंचाळले. “जिवंत आहे! इकडे, उजवीकडच्या पोकळीत, माझ्या पोटाखाली!”

थोरला उतरला. दिवेवाला मोठा दोर घेऊन आला, वहिनीने आणि त्याने तो धरला, आणि मी खडकावर पडून त्या ठोक्यांची वाट बघत राहिले. मध्ये एकदा ते थांबले. मी देव मानत नाही, पण तेव्हा कोणाकोणाला हाका मारल्या ते मला ठाऊक.

मग खालून आवाज आला, “ओढा!”

तो वर आला तेव्हा ओठ फुटलेले होते आणि एक पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं. मेख उपटली तेव्हा हातातला दोर निसटून तो घसरून पडला होता. रात्रीच्या भरतीत वरच्या कपारीत सरपटत चढला आणि ओरडून घसा बसल्यावर हातोड्याने खडक ठोकत राहिला. आजच्या उधाणात ती कपारही बुडणार होती.

वहिनीने तोंडाला पाणी लावलं. थोरला त्याच्या छातीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडत होता. “फरक पडतो रे,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. “लई फरक पडतो.”

सावल्याने त्याच्या डोक्यावरून मला पाहिलं. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना बघत होतो.

“ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “दिसलो हो शेवटी. सहल बिघडवली तुमची.”

“गप्प बस मेल्या,” मी म्हटलं आणि मला रडू आवरलं नाही.

७

उधाण ओसरल्यावर, दुसऱ्या सकाळी त्याला पलीकडे दवाखान्यात हलवलं. लाँचमध्ये तो माझ्या उजव्या बाजूला पाय लांब करून पडला होता.

“तुम्हाला कळलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं,” तो म्हणाला.

“तुझीही तीच गत, माझीही तीच,” मी म्हटलं. “ऐक. पाय बरा झाला की रोज सकाळी धक्क्यावर येऊन मला एक मिस्ड कॉल द्यायचा. मी उचलणार नाही. मी उलट एक देईन. पैसा खर्च नाही, बोलणं नाही. आला म्हणजे माणूस आहे.”

“आणि नाही आला तर?”

“तर बोंब मारायची.”

त्याने शब्द पाळला. घरी आल्यावर दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला आणि थांबला. मी उलट वाजवला आणि थांबवला. मग रोजचंच झालं. बाकी घर होतं तसंच होतं. दाराला एक पिशवी, ओट्यावर एक कप. फोन वाजेपर्यंत मी चहा गाळत नसे, एवढाच काय तो फरक.

परवा मात्र घोळ झाला. न्हाणीघरात नळ बिघडला, मी त्याच्याशी झटत बसले, आणि माझ्या त्या कानाची तर बातच नको. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम दारावर धडाधड थापा पडायला लागल्या. दार फोडतात की काय! मी साबणाच्या हातांनी, केस विस्कटलेले, तशीच जाऊन कडी काढली.

समोरचा मिक्सरवाला शेजारी उभा होता. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात फोन, आणि चेहरा घामाने डबडबलेला.

“काकू, तुम्ही ठीक आहात ना?” तो धापा टाकत म्हणाला. “कुठल्या बेटावरून कोणीतरी ओरडतोय केव्हाचा. म्हणतोय दार तोडा, पण आधी बघून या.”

फोनमधून सावल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे थोरल्याचा, आणि वहिनीचाही.

“ठीक आहे म्हणावं,” मी म्हटलं. “जिवंत आहे म्हणावं.”

त्याने सांगितलं, फोन ठेवला आणि तिथेच घुटमळला. माझा नळ आतमध्ये फुरफुरत होता.

“वॉशर गेलाय,” तो कान देऊन म्हणाला. “बघू का?”

“बघा. आणि आत आलातच तर चहा घेऊन जा. साखर किती?”

“दोन चमचे.”

माझ्या घरात साखरेचा दाणा नव्हता. मी त्याला खुर्ची दिली, पिशवी उचलली आणि साखर आणायला खाली उतरले.